कंडक्टर काकाजींची एसी गाडी

परवा माझ्या भाच्याने जुनीच, पण चांगल्या स्थितीतली गाडी घेतली आणि मोठ्या कौतुकाने मला फिरवायला नेलं. दारं लागली, काचा वर गेल्या, एसी सुरू झाला आणि पहिल्याच झुळकीबरोबर तो ओळखीचा वास नाकात शिरला. पावसात भिजून कोपऱ्यात पडून राहिलेल्या पोत्याचा वास. भाचा ओशाळला. म्हणाला, "मावशी, उद्याच परफ्यूमची बाटली आणतो."

"खबरदार परफ्यूम आणशील तर!" मी एकदम ओरडलेच. "घर यायच्या आधी एसी उतरवत जा."

एसी उतरवायचा म्हणजे काय, ते त्याला कुठून कळणार? ही भाषा अर्जुनी मोरगावच्या शहारे कंडक्टरांची. त्यांनी आयुष्यभर एसटीतून माणसं उतरवली आणि म्हातारपणी एसी उतरवायला शिकले. मी हसत सुटले. भाच्याला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. त्याला काय सांगू, कुठून सुरुवात करू?

मी अर्जुनीला शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या घराला लागूनची खोली भाड्याने घेतली होती. गावात तेव्हा मोबाइल नुकतेच लोकांच्या हातात दिसू लागले होते. शहारे नुकतेच निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, अंगावर पांढरा सदरा आणि खाली खाकी पँट. निवृत्तीनंतरही खाकी सुटली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, कापड अजून मजबूत हाय जी. कायले फेकू?" अख्खा मोहल्ला त्यांना कंडक्टर साहेब म्हणायचा. मी आपली काकाजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू.

काकाजींची मोठी खोड म्हणजे दोन घंट्या. घंटीची दोरी हातातून गेली, पण सवय बोटांत राहिली होती. चहा हवा असला की कपावर दोन टिचक्या. घरातून निघताना चौकटीवर दोन टिचक्या. पोळी वाढली, पुरे झाली, तर ताटावर एकच टिचकी, म्हणजे थांबा. काकू वैतागायच्या, "मी काय डायवर हाय का तुमची?" पण हात मात्र टिचक्यांप्रमाणेच चालायचा. विहारात वंदना संपली की सगळे "जयभीम" म्हणून उठायचे, काकाजी आधी सतरंजीवर दोनदा टकटक करायचे आणि मग उठायचे. पोरंटोरं खुसखुसायची, पण त्यांना त्याचं काही नाही.

दुसरी खोड म्हणजे हात दाखवलेल्या माणसाला सोडून पुढे जायचं नाही. "हात दाखवला तं थांबा लागते," हे त्यांचं ब्रीद. आणि तिसरी, वेळ. "टायम म्हंजे टायम." जेवायला मिनिटभर उशीर झाला तर घड्याळाकडे अशी नजर टाकायचे की काकूंनी भात नाही, गाडीच लेट केली आहे.

आता गंमत बघा. ज्या माणसाची सगळी हयात एसटीत गेली, त्याच्या बायकोला एसटी सोसायची नाही. डिझेलचा वास आला की संपलं. काकूंचं माहेर चिचगडच्या पुढे, जंगलातलं गाव. रेल्वे त्या अंगाला जातच नाही. लग्न करून आणलं तो किस्सा काकाजी दर पाहुण्याला रंगवून सांगायचे, "नवरी घेऊन आलो तं अर्धी एसटी मलेच धुवा लागली जी! मीच नवरदेव, मीच कंडक्टर, आन् मीच झाडूवाला."

"मंग काऊन आणलं?" काकू आतून ओरडायच्या. "तिथंच सोडून यायचं होतं!"

हसण्यावारी न्यायची दोघं, पण त्यामागे एक दुखणं होतं. काकूंना आई आठवतही नव्हती. मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. काकू तिला मोठी बाई म्हणायच्या. मोठ्या बाईंचे डोळे आता गेल्यातच जमा होते, त्यांना कुठे हलता येत नव्हतं. काकूंना गाडीत बसवत नव्हतं. भावांच्या बैलगाड्या होत्या तोवर जाणं-येणं झालं, मग तेही थांबलं. उरला तो मोबाइल. दर रविवारी काकू अंगणात उभ्या राहून त्यात ओरडायच्या, जणू चिचगडपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे. मोठ्या बाई दर वेळी एकच विचारायच्या, "कवा येतं वो?" आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "येतो नं बाई, येतो." फोन ठेवला की तांदूळ निवडत बसायच्या.

म्हणून काकाजींनी गाडी घेतली. हौस म्हणून नाही, मिरवायला नाही. गाडीत धूळ नको, डिझेलचा वास नको, ऊन नको, म्हणजे एसी पाहिजे. एवढा सरळ हिशोब. गोंदियाहून जुनी पांढरी गाडी आणली. विकणारा म्हणाला होता, "एसी एकदम चिल्ड है, दादा." ते वाक्य काकाजींनी मोहल्लाभर ऐकवलं. गाडी चालवायला ते निवृत्तीनंतरच शिकले होते. इतकी वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभं राहून पाहिलेलं, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा आणि वेग बैलगाडीचा. रस्त्यात प्रत्येक एसटी थांब्यावर पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

पहिल्या दिवशी काकू नवं लुगडं नेसून पुढे बसल्या. काकाजींनी हात बाहेर काढून टपावर दोन टिचक्या मारल्या, काचा वर केल्या, एसी लावला आणि गाडी सोडली. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या मोरीपाशी गाडी थांबली. काकू उतरल्या, मोरीवर वाकल्या आणि पदराने तोंड पुसत पायी घरी परत आल्या.

"मुरलेल्या पोत्यात कोंबल्यासारखं वाटून राहिलं होतं," त्या मला म्हणाल्या. "एसटी परवडली वो. त्या डबड्यात मी नाही बसत आता."

मागून काकाजी आले. गाडी त्यांनी ढकलत आणल्यासारखी हळू आणली. "माही एकच प्यासिंजर," ते म्हणाले, "आन् तीच उतरून गेली." इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

तिथून सुरू झाली वासाशी लढाई. आधी उदबत्ती झाली. मग कापूर. मग गोंदियाहून गुलाबाच्या अत्तराची ती डुलणारी बाटली. मला आत बसवून विचारलं, "आता कसं हाय, मॅडम? खरं सांगा जी."

"काकाजी, गुलाबाच्या बागेत कुणीतरी ओलं पोतं वाळत घातलंय."

"म्हंजे पोतं हायेच."

"आहेच."

मग त्यांना चिन्नोरची आठवण झाली. आमच्या भागात चिन्नोर तांदूळ शिजला की गल्लीत कळतं, कुणाकडे पाहुणे आले. काकाजींचं डोकं चाललं, "तांदूळ ओल ओढून घेते आन् वरून वास देते. एका तिकिटात दोन कामं." झालं! घरचा नवा चिन्नोर फडक्यांत बांधून त्याच्या पुरचुंड्या सीटखाली, पुढच्या खणात, जिथे जागा मिळेल तिथे खुपसून ठेवल्या. पहिले चार-आठ दिवस खरंच बरं वाटलं. काकू येऊन दारातून हुंगून गेल्या, बसल्या मात्र नाहीत.

धानाच्या देशात गाडीत तांदूळ ठेवला तर काय होणार? उंदीर झाले! आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. नवेगाव बांधच्या शाळेत कार्यक्रम होता, मला सोडायला काकाजी निघाले. ऊन वाढलं म्हणून त्यांनी एसी एकदम मोठा केला. त्याबरोबर समोरच्या जाळ्यांतून भस्सकन कोंडा, कापूस, सीटच्या रेक्झिनचे कपटे असं काय काय माझ्या तोंडावर आलं! मी किंचाळले. काकाजींनी सवयीने एक टिचकी मारली, थांबा. मी शाळेत पोचले ती धान कांडायच्या गिरणीतून आल्यासारखी. मुलं टाळ्या वाजवत होती, कार्यक्रमाला की माझ्या केसांना, देव जाणे.

गोंदियाच्या एसीवाल्याने पुढचा भाग उघडला आणि कपाळाला हात लावला. "काका, इसमें तो चूहों का पूरा मोहल्ला बसा है!" त्याने घरटी काढली, कोंदलेली जाळी बदलली, पाणी बाहेर टाकणारी नळी मातीने बुजली होती ती मोकळी केली, भिजलेला गालिचा उपसून उन्हात टाकला. काम चोख केलं बिचाऱ्याने. वास गेला. काकाजी वाजतगाजत परतले. आणि थोड्याच दिवसांत वास पुन्हा हजर.

त्यात काकाजींचं ब्रीद. पावसाळ्यात रस्त्यावर हात दाखवणारा माणूस म्हणजे ओलाच असणार की नाही? कुणी चिंब घोंगडी घेऊन बसायचा, कुणाची छत्री पाझरायची. नवेगावची मासोळ्या विकणारी एक बाई तर ठरावीक वळणावर टोपलीसकट उभीच राहायची, हिच्यासाठीच गाडी लावल्यासारखी. काकू कपाळ बडवायच्या, "मले न्यायले घेतली का तिच्या मासोळ्याले?"

"हात दाखवला तं थांबा लागते," काकाजी खाली मान घालून म्हणायचे.

घरी आले की गाडी थेट अंगणात, एसी चालू असतानाच चावी बंद, काचा घट्ट आणि वर त्यांनी स्वतः शिवलेली ताडपत्रीची खोळ. धुळीचा कण बसायला नको! गाडीला त्यांनी लेकीच्या लग्नातल्या पेटीसारखं जपलं होतं. त्या पावसाळ्याच्या शेवटी मात्र कपावर टिचक्या वाजेनाशा झाल्या. रविवारी काकूंचा फोन सुरू झाला की काकाजी उठून बाहेर जायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, एवढ्या लोकाले गावोगाव पोचवलं जी. घरच्या मानसाले नाही पोचवता येत."

कार्तिकात धान निघालं. काकाजींचं थोडंसं शेत होतं. त्या वर्षी ऐन मळणीत आभाळ आलं, म्हणून धान घाईघाईने घरी आणलं. मजूर साठवणीच्या ढोलीत धान ओतायला लागला, काकाजी वरचं झाकण हातात धरून उभे. काकूंनी सहज पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कडाडल्या, "थांब रे! ओलं हाय हे. असंच भरून झाकण ठोकसीन तं उबून जाईन नं! वास मारन सारं! काढा बाहेर, पसरवा, हवा लागू द्या."

काकाजी झाकण धरून तसेच उभे राहिले. मग झाकण खाली ठेवलं आणि तडक अंगणात. मी भिंतीवरून बघतेय तर त्यांनी खोळ ओढून फेकली, गाडीची चारही दारं उघडली, पायाखालचे गालिचे काढून कपड्यांच्या दोरीवर टाकले.

"काकाजी, झालं काय?"

"मॅडम, मी ओलं धान ढोलीत भरून राहिलो होतो जी! एसी आतमंधी पानी बनवते. ते वाळायच्या आंधीच मी काचा लावतो, वरून खोळ घालतो. उबनार नाही तं काय होईन? रोज भरून राहिलो, रोज झाकून राहिलो!" आणि स्वतःच्याच कपाळावर त्यांनी दोन टिचक्या मारल्या.

एसीवाल्याकडे जाऊन एकदा पुन्हा सगळं धुऊन घेतलं आणि मग काकाजींनी नेम सुरू केला. गावाच्या अलीकडे रेल्वे फाटक होतं. फाटक दिसलं की खणखणीत आवाजात पुकारायचे, "फाटक आलं, एसी उतरवून घ्या!" एसी बंद, नुसता पंखा मोठा, बाहेरची हवा आत. घरापर्यंत येताना आतलं सगळं वाळायचं. अंगणात आल्यावर दारं उघडी. खोळीचं त्यांनी वाळवणाला अंथरूण केलं. हात दाखवणाऱ्यांना घेणं काही सुटलं नाही. काकूच म्हणाल्या, "मानसं घ्या. पन घरी आल्यावर वाळवा."

काकूंची परीक्षा मात्र कडक होती. दुपारी सूप घेऊन त्या उभ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसायच्या, काचा लावायच्या आणि तांदूळ निवडायच्या. आधी दोन मुठी निवडून होईपर्यंत बाहेर. मग अर्धं सूप. थंडी सरेपर्यंत अख्खं सूप निवडून व्हायला लागलं. येणारी-जाणारी विचारायची, "काय काकू, कुठं चालल्या?" काकू आतून सांगायच्या, "चिचगडले." गाडी आपली अंगणात आंब्याखाली उभी. काकाजी ओसरीवरून चोरून बघायचे, चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोराचं भय.

चैत्रात एका सकाळी काकूंनीच सांगितलं, "चला. पाहू." मला मागे बसवलं, हातात लिंबू, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशव्या. काकू पुढे, नाकाला पदर, डोळे मिटलेले. काकाजींनी टपावर दोन टिचक्या मारल्या.

नवेगाव बांध गेलं. कोहमारा गेलं. काकाजी मधूनच विचारायचे, "कसं वाटून राहिलं?" काकू नाकावरचा पदर आणखी घट्ट धरायच्या. एसी थंडगार चालला होता आणि काकाजींच्या कानामागून घाम ओघळत होता. वास म्हणाल तर कशाचाच नाही. देवरी मागे पडली तेव्हा मी पिशवीवरची पकड जराशी सैल केली.

पुढे जंगल लागलं. मोह पडायचे दिवस. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी मोहफुलांची भरली टोपली घेऊन उभी होती. तिने हात दाखवला. काकाजींचा पाय ब्रेककडे गेला, त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि पाय परत घेतला. गाडी पुढे गेली. कुणी दाखवलेला हात काकाजींच्या मागे पडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

काकूंनी डोळे उघडून मागे पाहिलं, म्हातारीचा हात अजून वरच होता. "काऊन थांबवलं नाही?"

"मोह हाय टोपल्यात. वास येईन तुले. एवढ्या दूर आलो…"

"हात दाखवला नं तिनं! घ्या मागं."

गाडी मागे आली. म्हातारी माझ्या शेजारी बसली, टोपली मांडीवर. दार लागलं आणि मोहाचा तो जड, गोड, डोक्यात चढणारा वास गाडीभर भरला. मलाच मळमळलं! मी पिशवी उघडून तयार. काकाजी तर समोर बघायचंच विसरले होते.

काकूंनी नाकावरचा पदर खाली घेतला. छाती भरून श्वास घेतला. "मोठी बाई आन् मी," त्या म्हणाल्या, "पाहाटेच टोपलं घेऊन जाऊ वो. ती मले झाडाखाली झोपवे आन् एकटीच वेचे. उठलो तं अंगावर फुलं." आणि त्या बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. प्रत्येक झाड, प्रत्येक नाला, कुणाचं शेत, कुणाचं भांडण. म्हातारीही ओळखीची निघाली. काकाजींनी हळूच एक हात स्टिअरिंगवरून काढून डोळे पुसले. मला पाहिलं म्हणून खोकले.

मोठ्या बाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून चेहरा वळवला. काकू धावत गेल्या आणि त्यांच्या पायाशी बसल्या. मोठ्या बाईंनी त्यांचा चेहरा चाचपला, कान, केस, आणि मग डोकं ओढून घेऊन हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ओकली नाही?"

"नाही वो बाई."

"मंग पायी आली का?"

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता अशा रडल्या की घरातल्या सुना बाहेर धावत आल्या. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

काकाजी तिकडे गाडीची चारही दारं उघडून, गालिचे बाभळीवर वाळत घालून, एकटेच उभे होते. त्यांना कुणी पाणीही विचारलं नव्हतं. दुपार झाली, ऊन कललं, निघायची वेळ टळून गेली. "टायम म्हंजे टायम" म्हणणारा माणूस गाडीला टेकून बसला होता आणि एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "आज लेट चालते जी."

शेवटी काकूंनीच मोठ्या बाईंचा हात धरून त्यांना गाडीपाशी आणलं. गालिचे घातले, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, काच वर केली, एसी लावायला सांगितला. मोठ्या बाई ताठ बसून नाक वर करून वास घेत राहिल्या. आम्ही बाहेर. काकाजी आत, चावीला हात लावून निकालाची वाट बघत होते. मग काच थोडी खाली झाली.

"कायचाच वास नाही वो!" मोठ्या बाई म्हणाल्या. "आता चालवा नं, जावई."

काकाजींचा हात सवयीने टपाकडे निघाला. पण त्याआधीच काकूंनी बांगड्यांचा हात उचलला आणि टपावर दोनदा वाजवला. गाडी सुटली.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. ती दोघं नंतर कितीदा चिचगडला गेली ते मला पत्र पाठवून कोण सांगणार? पण मला काकाजी आठवतात ते त्या संध्याकाळचे. गावाच्या एकुलत्या एक रस्त्याने, काचा वर, शेजारी आंधळी मेहुणी राणीसारखी बसलेली, आणि गाडी बैलाच्या चालीने निघालेली. रस्त्याच्या टोकाला पोरांनी गलका केला, सगळ्यांनी हात वर केले.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. गाडी थांबली.

"थांबले नं?" काकू म्हणाल्या. "थांबनारच ते."